शाळा सुटल्यानंतरची पंधरा मिनिटं : हायस्कुलातल्या तंबाखूला आवर घालण्याची पद्धत

तंबाखूविरोधी कार्यक्रम म्हटला की आपल्या गोव्यातल्या हायस्कुलांत काय होतं ते ठरलेलं आहे. डॉक्टर येतात, पडद्यावर सडलेल्या जबड्यांचे फोटो दाखवतात, मुलं 'ई' करतात, सामूहिक शपथ होते आणि तिचा फोटो पालकांच्या ग्रुपवर जातो. मग दीड वाजता घंटा होते आणि शपथ घेतलेल्यांतले दोघे-तिघे बसथांब्यामागच्या गाड्याकडे वळतात. बरं, जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी, म्हणजे आपल्या ऐन उन्हाळी सुट्टीत. त्या दिवसाचं पोस्टर जूनमध्ये लागतं आणि पहिल्या पावसात ओघळून जातं.

शाळेत तंबाखू क्वचितच सुरू होते. ती सुरू होते शाळा आणि घर यांच्या मधल्या वेळात, ओळखीच्या हातून. म्हणून काम करायचं ते त्या वेळेवर आणि त्या हातावर. भाषणं त्यानंतर.

गोव्यात मोठ्या माणसांतलं तंबाखूचं प्रमाण देशाच्या मानाने बरंच कमी आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत भारताचा आकडा २८.६ टक्के होता, गोव्याचा ९.७. यामुळेच अनेक मुख्याध्यापक 'आमच्याकडे तसलं काही नाही' म्हणून मोकळे होतात. पण २०१९च्या देशव्यापी विद्यार्थी पाहणीत १३ ते १५ वयाच्या मुलांपैकी ८.५ टक्के मुलं कुठली ना कुठली तंबाखू घेत होती, आणि चघळायची तंबाखू वापरलेल्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांनी सुरुवात दहावा वाढदिवस उलटण्याआधीच केली होती. तेव्हा नववीत व्याख्यान ठेवणं म्हणजे उशीर. आपली हायस्कुलं पाचवीपासून सुरू होतात, कामही पाचवीपासूनच सुरू करा.

पहिली पायरी : फेरी मारा

समिती वगैरे नंतर नेमा. आधी एक शिक्षक, एक शिपाई आणि पालक-शिक्षक संघातला एक पालक अशा तिघांनी तीन वेळा फेरी मारावी: सकाळच्या घंटेआधी, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर. शाळेचा साधा नकाशा कागदावर काढून जे दिसेल ते त्यावर मांडत जायचं.

पाहायच्या जागा ठरलेल्या असतात. मुलांच्या स्वच्छतागृहाच्या झरोक्याची कड, पाण्याच्या टाकीमागची बाजू, मैदानाच्या टोकाची पडकी भिंत, जिन्याखालचा कोपरा. विडी-सिगरेटची थोटकं पटकन दिसतात; पुड्या दिसत नाहीत. गोव्यात गुटख्यावर २००५पासूनच बंदी आहे, पण बाजाराने वाट काढली: पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या छोट्या पुडीत, मिसळायचं काम गिऱ्हाईकाचं. अशा दोन फाडलेल्या पुड्या एकमेकींत खोचून खिडकीच्या गजात अडकवलेल्या सापडल्या, तर समजा तिथे रोजची बैठक आहे. भिंतीच्या बुडाशी तांबडे फर्राटे दिसले तर ते कुणाच्या उंचीवरून आलेत हेही पाहा. पुष्कळदा ते मुलांचे नसून बांधकामावरच्या माणसांचे किंवा बाहेरच्या गाडीचालकांचे असतात. ही शहानिशा न करता वर्गात जाऊन आरडाओरडा केला, की पुढचं सगळं बिघडतं.

फाटकाबाहेर गाडे, पोसरे (किराणा दुकानं) आणि बार किती अंतरावर आहेत, कोण सुटी सिगरेट विकतो, आणि शिकवणीला जाणारी मुलं मधल्या वेळात कुठे थांबतात, हेही नकाशावर यावं. सकाळच्या सत्रातल्या शाळा दुपारी सुटतात, शिकवण्या तीन-चारला. तो दीड-दोन तासांचा तुकडा कुणाच्याच हिशेबात नसतो. माझ्या मते नकाशातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच.

दुसरी पायरी : चिठ्ठी

मुलांना विचारायचं, पण नाव न विचारता. हजेरी क्रमांक नको, अक्षर ओळखू येईल असं लिहायला नको; नुसत्या खुणा. वर्गशिक्षकाने चिठ्ठ्या गोळा करू नयेत, बंद पेटीत टाकायला सांगाव्यात. पाच प्रश्न पुरेत: गेल्या तीस दिवसांत तू यातलं काही वापरलंस का (सिगरेट, विडी, तंबाखू, पुडी, मशेरी, व्हेप म्हणजे ई-सिगरेट, सुपारी), पहिल्यांदा कुणी दिलं (मित्र, मोठं भावंड, नातेवाईक, स्वतः विकत घेतलं), कुठे मिळतं, घरातलं कुणी तुला ते आणायला पाठवतं का, सोडायचं असेल तर शाळेत कुणाला सांगशील?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक चिठ्ठ्यांवर 'कुणालाच नाही' असं येईल. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे उत्तर बदलण्यासाठी आहेत. चौथा प्रश्न पालकसभेत लागेल, तो जपून ठेवा.

तिसरी पायरी : नियम, मोठ्यांसकट

नियम एका पानात बसावा. शाळेच्या आवारात, बालरथात (शाळेच्या बसमध्ये), सहलीत, क्रीडास्पर्धेत आणि स्नेहसंमेलनाच्या रात्री कुणीही तंबाखू वापरणार नाही. 'कुणीही' म्हणजे शिक्षक, शिपाई, बालरथाचा चालक आणि मदतनीस, मंडपवाला, पाहुणा म्हणून आलेला पंचायतीचा पंच किंवा आमदार. स्टाफरूममागे एक सर रोज सिगरेट ओढतात हे आठवीतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्या सरांशी आधी बोलून घ्या, एकांतात आणि सन्मानाने. सोडायची मदत त्यांनाही द्या. ते जमणार नसेल तर मुलांसाठी नियम काढूच नये.

केंद्र सरकारच्या २०१९च्या 'तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्था' मार्गदर्शक सूचना हाताशी ठेवा. आवारात आणि प्रवेशद्वारावर फलक, नाव जाहीर केलेला तंबाखू निरीक्षक, सहा महिन्यांत किमान एक उपक्रम, आचारसंहितेत तंबाखूचा उल्लेख, बाहेरच्या शंभर यार्डांची आखणी अशा बाबींवर शंभरांपैकी गुण असतात. नव्वद झाले की शाळा स्वतःला तंबाखूमुक्त म्हणवू शकते. यादी चांगली आहे. नव्वद गुण फलक लावूनही जमतात हा तिचा दोष, पण सुरुवातीला चौकट म्हणून ती वापराच.

शिक्षेचं काय? मारणं तर सोडाच. गोवा बाल कायदा २००३नुसार शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी आहे. निलंबनही टाळा. तंबाखूसाठी पकडलेल्या मुलाला आठवडाभर घरी बसवलं तर आई-वडील कामाला जातात आणि पोरगा दिवसभर त्याच गाड्यावर. त्यापेक्षा पायऱ्या ठरवा: पहिल्यांदा सापडला तर बोलणं आणि समुपदेशक; पुन्हा सापडला तर पालकांसह लिखित योजना; तिसऱ्यांदा आरोग्य केंद्रात किंवा बांबोळीच्या मनोविकार संस्थेत वा दंत महाविद्यालयात तपासणी. इतर मुलांना विकणारा सापडला तर प्रकरण वेगळं, तिथे मुख्याध्यापकांनी स्वतः लक्ष घालावं आणि त्याला माल कोण पुरवतो ते आधी शोधावं. आणि एक कलम ठळक अक्षरात: जो स्वतःहून येऊन सांगेल त्याला कोणतीही शिक्षा नाही.

चौथी पायरी : फाटकाबाहेर

कायदा काय म्हणतो ते शिक्षकांना तोंडपाठ हवं, कारण गाडेवाल्याला ते हमखास असतं. २००३च्या केंद्रीय तंबाखू नियंत्रण कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाही, आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत कुणालाच विकता येत नाही. शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. ते रस्त्याने चालत मोजायचे नसतात. कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सगळ्या दिशांना सरळ रेषेत मोजायचे. गाडेवाला 'वळसा घालून दीडशे मीटर होतात' म्हणेल, तेव्हा हे सांगावं लागतं. तशी मनाई असल्याचा फलक शाळेनेच बाहेर लावायचा असतो. आवारातल्या धूम्रपानासाठी दंड करायचा अधिकार मुख्याध्यापकांनाही दिलेला आहे. शिवाय धूम्रपान व थुंकण्याला मनाई करणारा गोव्याचा स्वतःचा १९९७चा कायदा आहेच.

अडचण अशी की केंद्रीय कायद्यात या विक्रीचा दंड दोनशे रुपयांपर्यंतच. एवढे तर दुकानदार सकाळच्या गल्ल्यातून काढून देतो. बालन्याय कायदा २०१५चं कलम ७७ मात्र जड आहे: मुलाला तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. दुकानदाराला हे कलम नम्रपणे, छापील कागदावर वाचायला द्या.

क्रम असा ठेवा. आधी भेट: पालक-शिक्षक संघाचे दोघे आणि मुख्याध्यापक, गणवेशातली मुलं आणि कॅमेरे न घेता. गाडेवाला गावचाच असतो, त्याचं स्वतःचं पोर कदाचित तुमच्याच सहावीत असतं. तंबाखू काढून टाक, भजी-चहा-ऑम्लेट पाव चालू दे, एवढंच मागा. बरेच जण एवढ्यावर ऐकतात. महिनाभरात फरक पडला नाही तर नकाशा जोडून पंचायतीला किंवा पालिकेला पत्र द्या. परवाना तिथून मिळतो आणि दोनशे रुपयांच्या दंडापेक्षा परवाना जाण्याची धास्ती मोठी. पत्राची प्रत पोलीस ठाण्याला आणि अन्न व औषध प्रशासनाला. पंचायतीतून पोचपावती घ्यायला विसरू नका. ग्रामसभेत प्रश्न विचारताना ती हातात असली की उत्तर मिळतं.

मुलांना दुकानदारावर पाळत ठेवायला कधीही लावू नका.

पाचवी पायरी : वर्गात काय सांगायचं

तेरा वर्षांच्या मुलाला पंचेचाळिसाव्या वर्षी होणाऱ्या कॅन्सरची भीती वाटत नाही. त्याला आजच्या गोष्टी कळतात: फुटबॉल खेळताना लागणारी धाप, तोंडाचा वास, दातांवरचे डाग, खिशातले पैसे. गणिताच्या तासाला हिशेब मांडायला लावा. रोज वीस रुपये तर वर्षाचे ७,३०० रुपये, दहावीपर्यंत तीन वर्षांचे २१,९००. त्यात काय काय येईल याची यादी मुलं स्वतःच करतात, आणि ती यादी कुठल्याही पोस्टरपेक्षा परिणाम करते.

पाचवी-सहावीत सुपारीवर बोला. गोड सुपारीच्या पुड्या मुलांना खाऊच वाटतात, घरचेही 'त्यात काय तंबाखू आहे?' म्हणून सोडून देतात. सुपारी एकटीनेही तोंडाच्या आतल्या कातडीत तंतू धरवते, गाल आवळत जातात आणि तोंड उघडेनासं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तिला कर्करोगकारक ठरवलं. वर्गात चाचणी घ्या: स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात जातात का? ज्याची दोनच जातात त्याच्यावर कुणाला हसू न देता, त्याला नंतर बाजूला घेऊन दंतवैद्याकडे पाठवा.

आठवीपासून जाहिरातींची चिरफाड करा. तंबाखूची जाहिरात करायला बंदी असताना तंबाखू-पानमसाल्याच्याच नावाने विकल्या जाणाऱ्या वेलचीच्या जाहिरातीत एवढे मोठे नट का येतात? मुलं यावर तासभर भांडतात. आपल्याला कुणीतरी गिऱ्हाईक म्हणून पाळतंय हे लक्षात आलं की पंधराव्या वर्षीची खुमखुमी आपल्या बाजूने कामाला येते.

आणि नकार देण्याचा सराव, खरोखर उभं राहून, ज्या भाषेत मुलं मैदानावर बोलतात त्याच भाषेत. एक जण म्हणतो, "एक मार रे, कोणाक कळचें ना." दुसऱ्याने काय म्हणायचं? "तंबाखू आरोग्यास हानिकारक आहे" असं कुठलाही मुलगा मित्राला म्हणत नाही. "म्हाका नाका" (मला नको) एवढं म्हणून विषय बदलायचा, किंवा "सर पळायला लावतात, जीव जातो", किंवा सरळ निघून जायचं. तीन-चार तऱ्हा जिभेवर बसल्या पाहिजेत. आग्रह करणाऱ्याची भूमिका वर्गातल्या वजनदार पोराला द्या, हुशार पोराला नको.

सहावी पायरी : सापडला, आता पुढे

इथे थोडं थांबतो, कारण बहुतेक शाळांची गाडी इथेच घसरते.

समजा नववीतला मुलगा पुडीसह सापडला. पहिली दहा मिनिटं वर्गासमोर नकोत, स्टाफरूममध्येही नकोत. ज्या शिक्षिकेशी त्याचं बरं जमतं तिने त्याला रिकाम्या वर्गात बसवावं.

"बस रे. पाणी पी आधी. आज ओरडायला बोलावलं नाही."

"टीचर, माझी नाही ती. खरंच."

"असू दे. कुणाची ते मी विचारतच नाही."

हे वाक्य मोलाचं आहे. 'कुणी दिली? आणखी कोण कोण होतं?' हे आपले ठरलेले पहिले प्रश्न. त्यांनी मुलगा मित्रांची नावं सांगून तरी सुटतो किंवा कायमचा गप्प होतो. त्याऐवजी विचारा: शेवटची कधी खाल्लीस? सुट्टीच्या दिवशीही लागते का? सकाळी उठल्यावर किती वेळात आठवण येते? या तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त लक्ष द्या. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर निकोटीनची पकड घट्ट आहे आणि नुसत्या समजावणीने भागणार नाही. जत्रेत किंवा मित्राच्या वाढदिवसालाच घेत असेल तर बहुधा बोलण्यानेच काम होतं.

मग विचारा, तुला स्वतःला काय वाटतं? चालू ठेवावी की सोडावी? उत्तर 'माहीत नाही' आलं तरी चालेल. त्याने 'सोडतो' म्हणावं म्हणून रेटू नका, कारण सुटण्यासाठी मुलं काहीही कबूल करतात. आठवड्याने पुन्हा भेटायचा दिवस ठरवा आणि त्या दिवशी खरंच भेटा. पालकांना सांगणार असाल तर आधी मुलाला सांगा, आणि शक्यतो त्याच्यासमोरच बोला: काय सापडलं, शाळा काय करणार, त्यांनी घरी काय करू नये. 'काय करू नये' यात मारणं पहिलं.

सातवी पायरी : सोडताना

निकोटीन तुटलं की पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण. चिडचिड, डोकं दुखणं, अभ्यासात मन न लागणं, झोप उडणं. हळूहळू हे दोन ते चार आठवड्यांत उतरतं. मुलाला हे आधीच सांगितलं नाही तर त्याला वाटतं आपल्याला वेड लागतंय, आणि तो पुन्हा पुडी फोडतो. तलफ येते ती लाटेसारखी, काही मिनिटांत ओसरते. तेवढी मिनिटं काढायला काहीतरी हातात हवं: पाणी, बडीशेप, मैदानाला एक फेरी, कुणाला तरी फोन. सुपारी हा पर्याय नव्हे, हे वेगळं सांगावं लागतं.

दिवस त्याने स्वतः निवडावा. सहामाही परीक्षेच्या आठवड्यात किंवा गणेश चवथीच्या आदल्या दिवशी सोडायला लावू नका. चवथीला घरात पाहुणे, रात्री पत्ते आणि विड्याचं तबक. त्याचा नेहमीचा घरी जायचा रस्ता गाड्यावरून जात असेल तर महिनाभर दुसऱ्या रस्त्याने सोबत देणारा मित्र शोधा. बालरथाने जाणाऱ्याला थांबाच बदलून द्या. मघाच्या नकाशाचा खरा उपयोग इथे होतो.

निकोटीनची च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळते म्हणून शिक्षकांनी किंवा पालकांनी आपल्या मनाने मुलाला देऊ नये. अठरा वर्षांखाली औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच. या वयात मुख्य इलाज म्हणजे बोलणं आणि पाठपुरावा. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा क्रमांक १८००-११-२३५६ मोफत आहे, तोच पुडीवर आणि पाकिटावरही छापलेला असतो. मन खचलेलं वाटलं तर टेली-मानस १४४१६. बांबोळीला मनोविकार व मानवी वर्तणूक संस्था आणि दंत महाविद्यालय, दोन्ही जवळजवळ आहेत. पकड घट्ट असलेल्या मुलासाठी तिथली एक फेरी समुपदेशकाबरोबर ठरवा. तोंडात पांढरा चट्टा किंवा तिखट लागलं की आग होत असेल तर वाट न पाहता दंतवैद्य.

घसरला तर? बहुतेक जण एकदा तरी घसरतात. 'परत खाल्लीस ना!' असं न म्हणता कुठे, कुणाबरोबर, किती वाजता ते विचारा आणि योजनेत तेवढाच बदल करा.

आठवी पायरी : घर

पालकसभेत चिठ्ठीचा चौथा प्रश्न वाचून दाखवा: अमुक इतक्या मुलांना घरचे सिगरेट-तंबाखू आणायला पाठवतात. सभा गप्प होते. 'जा रे, गाड्यावरून पाकीट घेऊन ये' म्हणताना आपण मुलाला दुकानदाराची ओळख करून देतो आणि दुकानदाराला गुन्हा करायला लावतो, हे कुणाच्या मनातही नसतं. आजोबांनी या वयात सोडावी असा हट्ट धरू नका, पण त्यांचा बटवा देवळीत उघडा नको आणि चुना मळून द्यायचं काम नातवाचं नको. आजीच्या मशेरीचंही तेच. वडील ओढत असतील तर त्यांनी मुलाला खरं सांगावं: मला सोडायला जमत नाही, किती वेळा प्रयत्न केला ते तू पाहिलंस. असं बोलणारा बाप लपून ओढणाऱ्या बापापेक्षा मुलाला जास्त उपयोगी पडतो.

व्हेपबद्दल पालकांना जवळजवळ काहीच माहीत नसतं. ते पेनड्राइव्ह किंवा हायलायटरसारखं दिसतं, आंबा-पुदिन्याचा वास येतो, धूर लगेच विरतो. दप्तरात ओळखू न येणारी चार्जिंगची वस्तू आणि खोलीत फळांचा गोड वास असला तर विचारा. 'नुसती वाफ आहे' हे खरं नाही, बहुतेकांत निकोटीन असतं. २०१९च्या केंद्रीय कायद्याने ई-सिगरेटची आयात, विक्री, वाटप, जाहिरात आणि साठवण या सगळ्यावर बंदी आहे. विक्री-वाटपासारख्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शाळेने जप्त केलेली उपकरणं कपाटात साठवू नयेत; नोंद करून पोलीस ठाण्यात द्यावीत, मुलाचं नाव न गोवता.

वर्षअखेर

तीच चिठ्ठी पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच पाच प्रश्नांसह पुन्हा घ्या. पहिल्या वर्षी 'वापरतो' म्हणणारे वाढलेले दिसले तर घाबरू नका. मुलं खरं लिहू लागली असा त्याचा अर्थ असू शकतो. पाचव्या प्रश्नाकडे आधी पाहा. 'कुणालाच नाही'च्या जागी एखाद्या टीचरचं, पीटीच्या सरांचं किंवा समुपदेशकाचं नाव येऊ लागलं असेल, तर त्या व्यक्तीचे आठवड्यातले दोन तास वेळापत्रकात मोकळे करा. नाहीतर मूल सांगायला येतं तेव्हा ती दहावीच्या जादा तासाला असते.

दहावीची परीक्षा संपल्यापासून उच्च माध्यमिक सुरू होईपर्यंतचा काळ कुठल्याच शाळेचा नसतो, आणि मोठ्या पोरांच्या संगतीत पहिली सिगरेट बऱ्याचदा याच दिवसांत पेटते. शेवटच्या पेपरच्या दिवशी, निरोपाच्या फोटोंआधी, सोडण्याच्या वाटेवर असलेल्या मुलांना पुढच्या भेटीची तारीख लिहून द्या आणि समुपदेशकाचा शाळेचा फोन नंबरही.